नागपूर ते अड्याळ, हादरा न बसता

भ्रूण गर्भाशयात सोडून झाल्यावर घरी कसं जायचं, याबद्दल नागपूरच्या डॉक्टरबाईंचा सल्ला एका वाक्याचा होता: आलात तशाच जा. आमच्या घरात या वाक्यावर बरेच दिवस चर्चा झाली आणि ते नामंजूर करण्यात आलं.

कॉलेजात असताना मला क्षय झाला होता. औषधांचा कोर्स पूर्ण केला, क्षय गेला, पण जाताना गर्भनलिका बंद करून गेला. हे लग्नानंतर काही वर्षांनी कळलं. मग एकच मार्ग होता. बीजांडं बाहेर काढायची, प्रयोगशाळेत फलित करायची आणि तयार झालेले भ्रूण परत आत ठेवायचे. आमचे तीन भ्रूण तयार झाले. दोन आत जाणार होते, एक गोठवून ठेवणार होते. इंजेक्शनांनी पोटावर बोट ठेवायला जागा राहिली नव्हती. नवऱ्याने आणि मी ठरवून टाकलं होतं की हे दोन, मग तो एक, आणि त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. मूल व्हायचं तर यातूनच होणार होतं.

मी नागपूरच्या एका दैनिकासाठी भंडाऱ्यातून बातम्या देते. सासर अड्याळला. नवऱ्याचं तिथंच बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. सासरे घरची धानाची शेती पाहतात. त्याआधी त्यांची सगळी नोकरी जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात ड्रायव्हर म्हणून झाली. कामगारांच्या बसवर ते फार थोडे दिवस होते. नंतर त्यांना स्फोटकांच्या गाडीवर घेतलं आणि निवृत्तीपर्यंत तिथून हलवलं नाही. त्यांच्या हातून गाडीला कधी हादरा बसला नाही, असं क्वार्टरमधले जुने लोक सांगतात. सासरे स्वतः सांगत नाहीत. ते मुळातच कमी बोलतात आणि सुनेशी तर त्याहून कमी. आमच्याकडे सासरा सुनेच्या तब्येतीची चौकशी सासूमार्फत करतो. पोटाचा विषय असेल तर तसाही करत नाही.

त्यामुळे मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, या प्रकरणात लक्ष घातलं, तेव्हा त्यांच्यासमोर भाषेची अडचण उभी राहिली. भ्रूण हा शब्द त्यांना उच्चारता येत नव्हता. गर्भ म्हणायला संकोच वाटत होता. शेवटी त्यांनी नोकरीतले शब्द काढले. जेवताना ते सासूबाईंना म्हणाले, "माल कोनत्या तारखेले उचलाचा हाय, ते पोराले इचारून सांग."

"माल?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. आनि गाडी मीच आनतो. दुसऱ्या कोनाच्या हातात देत नाई."

ठरलेल्या दिवशी ते भावकीतल्या एकाची जीप घेऊन नागपूरला आले. मागच्या सीटा काढल्या होत्या. तळाला तणस, म्हणजे मळणीनंतर उरलेला धानाचा पेंढा, हातभर दाबून भरला होता. त्यावर गादी होती, गादीवर सुती चादर. मागच्या बंपरला एक लोखंडी साखळी बांधलेली होती आणि ती जमिनीला टेकत होती. नवऱ्याने कारण विचारलं.

"गाडीत करंट साचते. तो जमिनीत उतरला पायजे."

"बाबा, कायचा करंट?"

"तुले काय मालूम? तू बियानं इकतोस."

आत सासूबाई डॉक्टरबाईंशी बोलत होत्या. मी टेबलावर पडून होते. प्रक्रिया संपली होती. ती इतकी थोडक्यात आटोपली होती की सासूबाईंचा विश्वास बसत नव्हता.

"म्हंजे आता ते आत हाय?"

"हो आजी. दोन्ही."

"आनि पडनार नाई?"

"लाडवात तीळ असतो ना? लाडू हलवला तर तीळ पडतो का?"

सासूबाईंनी यावर विचार केला. "हलवल्यानं नाई पडत जी. पन लाडू आपटला त पडते."

"हिला कोणी आपटणार नाहीये."

"तुम्ही आमच्याकडचा रस्ता नाई पायला."

या प्रक्रियेसाठी मूत्राशय भरलेलं ठेवायला सांगतात, त्यामुळे मला जाण्याची घाई होती. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "जराशी थांब न बाई. लगेच कायले?"

"जाऊ द्या त्यांना," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत."

"रस्ते येगळे हायेत, पन गाव त एकच हाय न."

डॉक्टरबाई हसायला लागल्या. मीही हसले. सासूबाईंनी दोघींकडे पाहिलं आणि मला सांगितलं की आता हसायचंही नाही, पोट हालते.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. मामाजींनी लिफ्टची तपासणी केली. ते डोळे मिटून वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. वॉचमनने विचारलं, "काका, कुठं जायचंय नेमकं?"

"कुठीच नाई. थांबतानी झटका मारते."

मागच्या बाजूला सामान चढवायचा उतार होता. मला चाकांच्या खुर्चीत बसवून तिथून खाली आणण्यात आलं. मामाजी खुर्चीच्या पुढे, उलटे चालत होते. हात लावणं मर्यादेत बसत नव्हतं, म्हणून ते हात पसरून फक्त दिशा दाखवत होते. नवरा खुर्ची धरून होता आणि लाजेने लाल झाला होता.

जीपजवळ आल्यावर मामाजींनी स्टीलचा डबा पुढे केला. "आगपेटी, मोबाईल, जे असन ते इथं टाका." आगपेटी कोणाकडेच नव्हती. मोबाईल डब्यात गेले. नवऱ्याच्या खिशातून खर्ऱ्याची पुडी निघाली. सुपारी-तंबाखूचं ते मिश्रण मामाजींनी हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. "हे चालते. याले आग लागत नाई."

नवऱ्याला मोटारसायकलवर पुढे जायचं होतं. हँडलला काठी बांधून तिच्यावर लाल फडकं लावलं होतं. जीपच्या पुढेही एक होतं. सासूबाई माझ्या डोक्याशी तणसावर बसल्या. पुढचं जे काही लिहिते आहे त्यातला बराच भाग त्यांनी सांगितलेला आहे, कारण मी उताणी होते आणि मला फक्त आकाश, ट्रकांचे टप आणि झाडांचे शेंडे दिसत होते.

मे महिना होता. सासूबाईंनी ओलं लुगडं खिडकीला अडकवलं होतं. जीप इतक्या हळू चालली होती की हवा आत येत नव्हती. सायकलवाले पुढे जात होते. एक सायकलवाला बराच वेळ बरोबरीने चालला आणि आत डोकावून विचारता झाला, "कोन गेलं जी?"

"कोनी नाई गेलं!" सासूबाई ओरडल्या. मग घाबरून त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. ओरडण्याचाही हादरा बसतो की काय, अशी त्यांना शंका आली होती.

महामार्गावर पोलिसांनी थांबवलं. आधी नवऱ्याला, मग आम्हाला. हवालदार मामाजींच्या खिडकीशी आला.

"काय हाय गाडीत?"

"नाजूक सामान."

"काचेचं?"

"त्याहून."

हवालदाराने मागे येऊन आत पाहिलं. "पेशंट हाय काय? काका, डिलिव्हरी हाय त पळवा न गाडी! असं वरातीवानी काहून चालून राहिले?"

"डिलिव्हरीले टाइम हाय," मामाजी समोर बघत म्हणाले. "आताच लोडिंग झालं."

सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. थोड्या वेळाने तो काढून म्हणाल्या, "अजी, तुम्ही गप राहा न बाप्पा."

हवालदार माझ्याकडे निरखून पाहत होता. "तुम्ही पेपरवाल्या ताई नं? त्या दिवशी ॲक्सिडेंटच्या जागी आल्या होत्या."

मी तणसावरून हो म्हटलं.

"इथं बातमी हाय काय काही?"

"नाही."

त्याने पुन्हा लाल फडक्याकडे, साखळीकडे, सासूबाईंकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्याचा आवाज उतरला. "होऊन जाईन, ताई," तो म्हणाला आणि पुढे जाऊन त्याने आमच्यासाठी मागचे ट्रक थोपवून धरले. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. मामाजींनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांना याची सवय होती.

मौदा गेलं, जवाहरनगरचा फाटा गेला. तिथं सुटलेल्या पाळीच्या बसमधून कोणीतरी त्यांना ओळखून हाक मारली, "पुन्हा ड्युटीवर काय जी?" मामाजींनी एक बोट वर केलं. तेवढंच.

भंडारा मागे पडलं आणि दिवस कलत असताना, पहेल्याच्या अलीकडे, समोरून वरात आली. डीजेच्या गाडीवर माणसाच्या उंचीचे स्पीकर होते. जीपचा पत्रा दुरूनच थरथरायला लागला. माझ्या पाठीखालच्या तणसातही ती थरथर कळत होती. सासूबाईंनी दोन्ही हात माझ्या पोटावर ठेवले.

मामाजींनी जीप बाजूला घेतली आणि ते उतरून वरातीकडे चालत गेले. त्यांनी आवाज कमी करायला सांगितला. नवरदेवाकडच्या माणसाने विचारलं, का? इथं खरं कारण सांगायला हवं होतं. माझ्या नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे मामाजींनी तोंड उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. परक्या माणसांपुढे, लग्नाच्या वरातीत, सुनेच्या पोटात काय आहे हे त्यांना सांगता येईना. ते म्हणाले, "गाडीत बारूद हाय."

लाल फडकं होतं. साखळी होती. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा आयुष्यभर हेच सांगत आलेल्या माणसाचा होता. डीजे त्या क्षणी बंद झाला. फटाक्यांची लड हातात घेतलेल्या माणसाने ती शर्टाच्या आत लपवली. नवरदेव घोडीवरून उतरला. बायाबापड्या रस्त्याच्या कडेला नालीपलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि आमची जीप वरातीच्या मधून गेली. एवढी शांतता मी कोणत्याही लग्नात अनुभवलेली नाही. नवरदेवाने आमच्याकडे बघून हात जोडले. एक म्हातारी सासूबाईंना बघून म्हणाली, "बारुदासंगं बाया काहून बसवल्या वो?"

"राखन कराले," सासूबाई म्हणाल्या.

अड्याळला पोचलो तेव्हा मला घरात नेण्यासाठी उंबरठ्याला उतार केलेला होता. मातीचा, शेणाने सारवलेला, अजून ओला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मोबाईल डब्यातून परत मिळाला आणि लगेच वाजला. भंडारा कार्यालयातला सहकारी होता. रजेवर का आहे हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

"ताई, काल पवनी रोडनं बारुदाची गाडी गेली म्हणतात. लाल झेंडा, पुढे पायलट. लग्नाची वरात थांबवली. अड्याळकडे वळली. तुमचंच गाव ना, कन्फर्म करा की."

मी खाटेवर होते. उशी पायाखाली होती. "तसं काही नाही," मी म्हटलं.

"वरातीतले चार जण सांगतात. नवरदेव स्वतः बोलायला तयार आहे."

"चूक आहे ते. छापू नका."

"सूत्र कोण?"

"मी."

"तुम्ही पाहिली गाडी?"

"आतून," असं उत्तर खरं झालं असतं. मी म्हटलं, "विश्वास ठेवा." त्याने बातमी मागे घेतली, पण दुसऱ्या एका दैनिकात ती आतल्या पानावर आलीच. मजकूर बराचसा अचूक होता. फक्त गाडीत काय होतं ते चुकलं होतं.

तपासणीपर्यंतचे दिवस घरात आवाज होऊ दिला गेला नाही. उखळ ओट्यावरून मागच्या अंगणात गेलं. शेजारणींना माझी कंबर लचकली असं सांगण्यात आलं. त्या येऊन कंबरेचे उपाय सांगायच्या आणि जाताना पोटाकडे बघून जायच्या. मामाजी माझ्या खोलीच्या दारातून जाताना चपला हातात घ्यायचे. मी डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, चाला, फिरा, कामावर जा. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यायले काय, त्या फोनवर बोलून राहिल्या."

मी पडून राहिले. मला त्यांचं पटलेलं नव्हतं. पण उठले असते आणि काही झालं असतं, तर जन्मभर त्या उठण्याकडे बोट दाखवलं गेलं असतं, आणि दाखवणाऱ्यांत मीही असते.

भंडाऱ्याला तपासणीसाठी रक्त दिलं. संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाईलवर निकाल आला. गर्भ राहिला नव्हता. त्याने मोबाईल माझ्याकडे दिला, मी आकडा पाहिला आणि परत दिला. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि उखळ कुठं आहे म्हणून विचारायला लागल्या. ते कुठं आहे हे त्यांना माहीत होतं. मामाजी अंगणात उभे होते. नवऱ्याने त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कुठी बसला?"

"काय, बाबा?"

"हादरा."

तेवढं बोलून ते धानाच्या बांधीकडे निघून गेले.

पुढं काय करायचं ते विचारायला मला नागपूरला जायचं होतं. पेरणीचे दिवस तोंडावर आले होते, दुकानात बियाण्यांसाठी रांग लागत होती, नवऱ्याला निघता येईना. मामाजी म्हणाले की ते नेतील. तीच जीप होती. सीटा परत बसवलेल्या होत्या. मी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी, पुढे बसले. जाताना त्यांनी गाडी साधारण वेगाने चालवली.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिले. त्या म्हणाल्या, भ्रूण चांगले होते, गर्भाशयाचं अस्तर चांगलं होतं, रुजले नाहीत. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, अनेकदा हे कळत नाही. खाली आले तेव्हा मामाजी दवाखान्याच्या कूलरवरून स्टीलचा पेला भरून आणत होते. काठापासून बोटभर कमी. तो त्यांनी समोर, काचेखाली, फडक्यावर ठेवला. मला वाटलं माझ्यासाठी आहे. मी हात पुढे केला.

"नाई, बाई. राहू दे."

मग जीप निघाली, त्या दिवशीच्याच वेगाने. लाल फडकं नव्हतं, तणस नव्हतं, गाडीत कोणताही माल नव्हता. मामाजींचा एक डोळा रस्त्यावर आणि एक पेल्यावर होता. मौद्याच्या अलीकडे पुलाच्या जोडावर पाणी काठापर्यंत आलं आणि परत बसलं. त्यांनी मान हलवली, इथं नाही. भंडाऱ्याच्या वळणावर एक ऑटो आडवा आला. ब्रेक लागला, पाणी पुढे झुकलं, सांडलं नाही. त्या दिवशी तिथं ऑटो होता का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला फक्त आकाश दिसत होतं. पहेल्याजवळ त्यांनी जीप थांबवली आणि डीजे जिथं उभा होता तिथं उतरून रस्ता पाहिला. मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काका, काही हरपलं काय?"

"पाहून राहिलो," मामाजी म्हणाले.

अड्याळच्या तलावाच्या पाळीजवळ त्यांनी इंजिन बंद केलं. पेल्यातलं पाणी होतं तेवढं होतं. फडकं कोरडं होतं. त्यांनी बोट लावून पाहिलं.

"कुठीच नाई सांडलं," ते म्हणाले.

"नाही."

"त्या दिवशी त मी याहून हळू चालवली."

"हो."

 मग माझ्याकडे वळून, मधे सासूबाई नसताना, पहिल्यांदाच त्यांनी मला या विषयावर काही विचारलं. "मंग काहून, बाई?"

मी सांगितलं. भ्रूण म्हणाले, गर्भाशय म्हणाले. अस्तराला ते चिकटावे लागतात, या वेळी चिकटले नाहीत, रस्त्याचा याच्याशी काही संबंध नसतो, एसटीने उभ्याने आले असते तरी हेच झालं असतं. ते काचेतून समोर बघत ऐकत होते. कान लाल झाले होते, पण त्यांनी मला थांबवलं नाही.

"म्हंजे माह्याच्यानं नाई?"

"नाही, मामाजी. कोणाच्याच्यानं नाही."

हे ऐकून त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. "माह्याच्यानं असतं," ते म्हणाले, "त पुढच्या टायमाले मी नीट केलं असतं."

पाळीवरून दोन बकऱ्या उतरल्या आणि जीपपुढून गेल्या.

"एक हाय म्हनते न अजून?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"आहे. गोठवलेला."

"बर्फावानी?"

"त्याहून थंड."

त्यांनी यावर विचार केला. "मंग त्याले हादऱ्याचं काही नाई," ते म्हणाले.

आत ठेवण्याआधी तो वितळवतात, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी पेला उचलून माझ्या हातात दिला. पाणी कोमट झालं होतं. मी ते पिऊन संपवलं. त्यांनी गाडी सुरू केली, गिअर टाकला आणि गावाच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावरून वेग न उतरवता नेली. माझं डोकं टपाला आपटलं.

"लागलं काय?" त्यांनी विचारलं.